एअर रायफलवरचे कच्च्या ॲल्युमिनियमचे भाग: कुठे झिजतात आणि कसे टिकवायचे

दहा मीटर एअर रायफल खोक्यातून निघते तेव्हा ती कुणाच्याच मापाची नसते. कुणाला बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) वीस मिलिमीटर मागे हवी, कुणाला चीकपीस (गाल टेकवायचा भाग) जरा बाहेर, कुणाला साइट (नेम धरायची दुर्बीणवजा जाळी) उंच, तर कुणाला डाव्या तळहाताखाली पाम रायझर, म्हणजे उंची देणारा ठोकळा. कंपनीचे सुटे भाग महाग, शिवाय येईपर्यंत स्पर्धा उरकलेली असते. त्यामुळे ओळखीच्या टर्नरकडून ॲल्युमिनियममध्ये भाग करून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. कोल्हापूरकरांची यात विशेष सोय आहे. शिवाजी उद्यमनगरातले लेथ आणि नेमबाजीचं वेड दोन्ही एकाच शहरात.

भाग मशीनवरून चकाकत उतरतो आणि तसाच रायफलीवर चढतो. ‘ॲनोडायझिंग (ॲसिडमध्ये वीज सोडून ऑक्साइडचा जाड थर चढवणं) पुढच्या महिन्यात करू’ म्हणता म्हणता दोन पावसाळे जातात. अशा कच्च्या, म्हणजे मशीनिंगनंतर कुठलंही फिनिश न दिलेल्या भागांचं काय होतं आणि काय करावं, एवढाच इथला विषय. ठोकळ उत्तर असं: कच्चं ॲल्युमिनियम सगळीकडे सारखं झिजत नाही. पाम रायझरचा ठोकळा दहा वर्षं तसाच राहील आणि त्याच बारमधून काढलेला चीकपीसचा दांडा सहा महिन्यांत ओरखडून अडकेल. त्यामुळे सरसकट सगळ्या भागांवर खर्च करण्याची गरज नसते.

एक हद्द आधीच आखून घेऊ. हे सगळं रायफलीच्या बाहेरच्या, मापाला बसवण्याच्या भागांबद्दल आहे. बॅरल, ट्रिगर, व्हॉल्व्ह आणि हवेचा सिलिंडर यांना घरी किंवा साध्या वर्कशॉपात हात लावायचा नाही. बंदुकीचे भाग बनवणं हा तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याचा विषय आहे, तो इथे नाहीच.

बार कुठला घ्यायचा

दुकानात ‘ॲल्युमिनियमचा राउंड बार द्या’ एवढंच म्हटलं तर समोर जे असेल ते मिळतं. मिश्रधातूचा नंबर सांगा. आपल्या बाजारात जुनी नावं अजून चालतात: एचई३० म्हणजे ६०८२, एचई२० म्हणजे ६०६१, एचई९ म्हणजे ६०६३ आणि एचई१५ म्हणजे २०१४. अशा कामाला ६०८२ किंवा ६०६१, टी६ टेंपरमध्ये (म्हणजे उष्णता-प्रक्रियेने कडक केलेला), हा डोळे मिटून घ्यायचा माल. कडकपणा सुमारे ९५ ब्रिनेल (कडकपणा मोजायची पट्टी, आकडा मोठा तितका धातू कडक), मशीनिंग स्वच्छ, घामाला बऱ्यापैकी दाद न देणारा आणि ॲनोडायझिंग छान घेणारा. ६०६३ हा खिडक्यांच्या सेक्शनचा माल. त्यावर रंग सुंदर बसतो, पण तो ७५ ब्रिनेलच्या आसपास असल्याने आटे लवकर सोडतो. ७०७५ टी६ चा आकडा १५० ब्रिनेल, म्हणून अनेकांना तोच हवासा वाटतो. मात्र त्यात जस्त साडेपाच टक्क्यांच्या पुढे आणि तांबं दीड टक्क्याच्या आसपास असतं. कच्चा ठेवला तर घामाने तो ६०८२ पेक्षा लवकर खळगे धरतो. एचई१५ मध्ये तांबं चार टक्क्यांच्या घरात. तो मशीनवर मजेत कापला जातो, चकाकतोही, पण कच्चा ठेवण्यासाठी सर्वांत वाईट.

भंगारातला तुकडा असेल आणि नंबर माहीत नसेल, तर जुनी चाचणी आहे. तुकड्याची एक बाजू पॉलिश पेपरने घासून उघडी करायची, त्यावर कॉस्टिक सोड्याच्या १० ते २० टक्के द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि काही मिनिटांनी धुऊन पाहायचं. डाग काळा पडला तर त्यात तांबं किंवा जस्त भरपूर आहे, म्हणजे २००० किंवा ७००० मालिका. डाग पांढुरका राहिला तर ६००० मालिकेची शक्यता जास्त. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळ्याला पुरतो.

ओतीव तुकडा मात्र टाळाच. एलएम६ सारख्या ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं. कच्चा असताना तो बरा टिकतो, पण पुढे ॲनोडायझिंगला दिला की करडा, चट्टेपट्टेवाला होऊन परत येतो आणि दोष ॲनोडायझिंगवाल्याच्या माथी जातो.

वजनाचा हिशेब आधी करा, कारण स्पर्धेच्या नियमात एअर रायफलीला ५.५ किलोची कमाल मर्यादा आहे. ॲल्युमिनियमची घनता २.७. २५ मिमी व्यासाचा, ५० मिमी लांब गोल तुकडा ६६ ग्रॅम भरतो. तोच स्टीलचा १९३ ग्रॅम आणि पितळेचा २०८ ग्रॅमच्या आसपास.

हात काळे का होतात

नव्या कच्च्या भागाची पहिली तक्रार हीच असते: बोटं काळी, शूटिंग जॅकेटच्या बाहीवर करडा पट्टा. घरातल्या जर्मनच्या पातेल्यात नुसतं पाणी उकळलं तरी ते आतून काळं पडतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कारण अगदी तेच नसलं तरी दोन्हीकडे खेळ पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचाच. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर येतो, जाडी काही नॅनोमीटर. हा थर धातूला वाचवतो, पण घासला की निघतो आणि लगेच नवा येतो. निघालेले ऑक्साइडचे आणि धातूचे अतिबारीक कण म्हणजे ती काळी भुकटी. त्यातला ऑक्साइड धातूपेक्षा कितीतरी कडक असतो. दोन पृष्ठभागांच्या मध्ये तो अडकला की पॉलिश पेपरचं काम करतो. झीज एकदा सुरू झाली की वेग घेते ती यामुळेच.

हाताला लागणाऱ्या भागांवर उपाय स्वस्त आहे. मशीनच्या रेघा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ६००, मग १००० ने, थोडं केरोसीन लावून एकाच दिशेने काढा. धारा मोडा, निदान अर्ध्या मिलिमीटरचा गोलावा द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा. पहिली चार-पाच फडकी काळी निघतील. फडकं जवळजवळ पांढरं निघायला लागलं की गाडीला लावतात ते कार्नोबा वॅक्स दोन हात लावा, मध्ये अर्धा तास सोडून. हे वॅक्स महिनाभर टिकतं, रोज सराव असेल तर दोन आठवडे. स्टीलची तारेची घासणी वापरू नका. तिचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या दमट हवेत प्रत्येक कणाभोवती एक खळगा तयार होतो. घासायचंच तर नायलॉनचा हिरवा स्क्रबर.

सरकणारा दांडा

चीकपीसचा उभा दांडा आणि बटप्लेटचे आडवे दांडे इथे खरी झीज होते, म्हणून इथे जरा थांबू. रचना साधारण अशी असते: १२ मिमीचा दांडा १२ मिमीच्या भोकात सरकतो आणि बाजूने एम५ चा (५ मिमी आट्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, येऊन त्याला दाबतो. दांडाही कच्चं ॲल्युमिनियम आणि ब्लॉकही कच्चं ॲल्युमिनियम.

पहिली चूक ग्रब स्क्रूची. बाजारातला साधा काळा ग्रब स्क्रू ४५० व्हिकर्सच्या (ही कडकपणाची दुसरी पट्टी) पुढचा असतो, म्हणजे दांड्याच्या चौपट कडक. त्याचं टोक, विशेषतः वाटीसारखं खोलगट, दांड्यात गोल चंद्रकोर कोरतं. खाच पडताना धातू जातो कुठे? कडेला वर उचलला जातो. ती उचललेली कड दोन-चार शतांश मिलिमीटरची असली तरी भोकातली मोकळीक तेवढीच असते. पुढच्या वेळी दांडा सरकवला की ती कड भोकाच्या आतल्या भिंतीवर नांगर चालवते. शिवाय पाव मिलिमीटरने जागा बदलायची असेल तर स्क्रू घरंगळून पुन्हा जुन्याच खाचेत बसतो. नेमबाज म्हणतो चीकपीस ‘आपोआप हलतो’. तो आपोआप हलत नाही, जुन्या खाचेत परत जातो.

उपाय: ग्रब स्क्रूच्या पुढे ४ मिमी व्यासाची, २ ते ३ मिमी जाडीची पितळेची गोळी टाका. एम५ चं आट्याचं भोक ४.२ मिमी ड्रिलचं असतं, त्यात ४ मिमीची गोळी मोकळी जाते. गोळीचं दांड्याकडचं तोंड दांड्याच्या गोलाईला जुळवलं तर उत्तम, सपाट ठेवलं तरी चालतं. स्क्रू मग गोळीला दाबतो, गोळी दांड्याला, आणि दाब एका बिंदूवर न येता पसरतो. घाम जास्त येणाऱ्यांनी पितळेऐवजी ॲसिटालची गोळी वापरावी, म्हणजे डेलरिन म्हणून मिळणारं प्लॅस्टिक. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्या मिठाच्या सान्निध्यात एकमेकांशी जमवून घेत नाहीत, ते पुढे येईलच.

त्याहून चांगली रचना म्हणजे ग्रब स्क्रू काढून टाकून फाटा मारलेला क्लॅम्प. भोकाच्या एका बाजूला दीड ते दोन मिलिमीटरची चीर, तिला आडवा एम५ चा सॉकेट स्क्रू. आवळला की पूर्ण भोक दांड्याला धरतं, खाच पडत नाही. यात दोन गोष्टी टर्नर विसरतो. चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं गोल भोक हवं. कोपरा टोकदार राहिला तर रोज आवळून-सैल करून तिथून तडा जातो, कारण ॲल्युमिनियमला स्टीलसारखी ‘याखाली कधीच थकणार नाही’ अशी ताणाची मर्यादा नसते. दुसरं, चिरेची फट. दांडा झिजून बारीक झाला की फट पूर्ण मिटते आणि नंतर कितीही आवळलं तरी पकड येत नाही, नुसते आटे ओढले जातात. आवळलेल्या स्थितीत फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी दिसली की दांडा बदलायची वेळ झाली.

दुसरी चूक म्हणजे दोन्हीकडे कच्चं ॲल्युमिनियम ठेवणं. एकाच जातीचे मऊ धातू दाबाखाली एकमेकांवर घासले की ऑक्साइड फाटतं आणि उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो. चिकटलेला तुकडा एकीकडून उपटून दुसरीकडे बसतो. दांडा आधी ‘खरखर’ लागतो, मग एके दिवशी अडकतो. अडकल्यावर लोक पाना लावून पिळतात आणि भाग कायमचा वाया घालवतात. तसं करू नका. भोकाच्या तोंडाशी पातळ पेनिट्रेटिंग तेल सोडून रात्रभर ठेवा, क्लॅम्पची चीर असेल तर तिच्यात पातळ पाचर देऊन ती केसभर उघडा, मग लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने सरळ रेषेत हलके ठोके द्या. निघाल्यावर उंचवटे बारीक कानशीने फक्त वरचेवर उतरवा. खाचा तशाच राहू द्या. खाच अपाय करत नाही, उंचवटा करतो.

टिकाऊ जोडी हवी असेल तर दोनपैकी एक बाजू बदला. सर्वांत सोपं: दांडा स्टेनलेसचा ग्राउंड बार, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. वजन वाढतं, १२ मिमीचा १०० मिमी लांब दांडा ॲल्युमिनियममध्ये ३१ ग्रॅम, स्टेनलेसमध्ये ९० ग्रॅमच्या आसपास. दोन दांड्यांमागे सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर वाढ, ती रायफलीच्या मागच्या टोकाला. तोल बदलेल, हे लक्षात असू द्या. वजन परवडत नसेल तर दांडा हार्ड ॲनोडाइज करा (जास्त जाड आणि कडक थराचं ॲनोडायझिंग) आणि ब्लॉकमध्ये १ मिमी जाडीचं ॲसिटालचं बुश, म्हणजे भोकाच्या आतली नळी, घाला. हार्ड ॲनोडाइज केलेला दांडा कच्च्या ॲल्युमिनियमच्या भोकात तसाच घालू नका. तो थर इतका कडक आणि किंचित खडबडीत असतो की भोकाला कानस लावल्यासारखं होतं.

आटे

ॲल्युमिनियमचे आटे वापराने कमी आणि माणसाच्या मनगटाने जास्त जातात. स्टीलमध्ये आट्यांना स्क्रूच्या व्यासाइतकी खोली पुरते. ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट द्या. एम५ ला ८ ते १० मिमी, एम६ ला १० ते १२ मिमी. ड्रिल एम४ ला ३.३, एम५ ला ४.२, एम६ ला ५.०. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारताना केरोसीन किंवा टॅपिंग तेल हवंच. कोरडा टॅप ॲल्युमिनियमला चिकटवून घेतो, आट्यांची शिखरं फाटतात, आणि असे फाटलेले आटे पहिल्या दिवशी ठीक वाटून महिन्याभरात सुटतात. भोकाच्या तोंडाला आट्याच्या व्यासाहून थोडं मोठं चेंफर (तिरकी कड) द्या, नाहीतर पहिला आटा वर उचलला जाऊन भाग नीट टेकत नाही.

एम५ ला ४ न्यूटन-मीटर भरपूर झाला. टॉर्क पाना नसेल तर एलन की उलटी धरा, लांब बाजू स्क्रूत आणि आखूड बाजू बोटात. त्याने जेवढं आवळलं जाईल तेवढं पुरे. पाइप घालून आवळणाऱ्याला वर्कशॉपात उभं करू नये.

जो स्क्रू दर सरावाला सैल-घट्ट होतो, त्याला कच्च्या आट्यात ठेवूच नका. तिथे वायर थ्रेड इन्सर्ट, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे तयार आटे, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात, सुरुवातीलाच बसवा. एम५ ला ५.२ चं ड्रिल, एम६ ला ६.३ चं, मग किटमधला खास टॅप, मग इन्सर्ट पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली जाईल इतका, आणि शेवटी त्याची शेपटी तोडून बाहेर काढायची. तोडलेली शेपटी भोकात राहिली तर पुढचा स्क्रू अर्ध्यावर अडकतो. हे वरचेवर होतं. आटे गेल्यावर दुरुस्तीलाही हाच मार्ग, फक्त तेव्हा भोकाच्या भोवती भिंत किती उरली ते पाहा. तीन मिलिमीटरहून कमी असेल तर नवा भाग करणं स्वस्त.

हँडस्टॉपच्या (पुढच्या हाताला अडवणाऱ्या तुकड्याच्या) टी-नटबद्दल, म्हणजे रायफलीखालच्या रेलच्या खाचेत सरकणाऱ्या नटबद्दल, एवढंच: तो कच्च्या ॲल्युमिनियमचा करू नका. स्टीलचा करा, त्याच्या धारा मोडा. नाहीतर आवळताना त्याची कड खुद्द रायफलीच्या रेलच्या ओठावर उमटते, आणि ती रेल टर्नरकडून करून मिळत नाही. साइट रायझर ब्लॉक ११ मिमीच्या डव्हटेलवर (तिरक्या कडांच्या रेलवर) बसतो तिथेही हाच धडा, फक्त उलट: रेल स्टीलची असेल तर झिजणारा भाग ब्लॉक. साइट सतत काढ-घाल करणाऱ्यांनी ब्लॉकची जबडी पट्टी वेगळी, बदलता येईल अशी करून घ्यावी.

घाम, खारी हवा आणि स्टेनलेसचा स्क्रू

ॲल्युमिनियमचं ऑक्साइड साधारण पीएच ४ ते ८.५ च्या मध्ये शाबूत राहतं. घाम बहुधा या पट्ट्यात बसतो, पण त्यातलं मीठ ऑक्साइडला जागोजागी भोकं पाडतं. शूटिंग जॅकेटच्या आत चाळीस मिनिटं घामेजलेला हात आणि गाल, मग रायफल तशीच फोमच्या पेटीत बंद. कच्च्या भागाचं सर्वांत जास्त नुकसान गोळी सुटताना नव्हे, पेटीत होतं. ओला फोम धातूला चिकटून राहतो, तिथे हवा पोहोचत नाही आणि ऑक्साइड पुन्हा जमत नाही. चामड्याची पट्टी चिकटवलेल्या चीकपीसखाली तर वर्षभरात पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात. चामड्यात कमावण्याचे क्षार असतात आणि ते ओल धरून ठेवतं. कच्च्या ॲल्युमिनियमवर चामडं थेट चिकटवू नका. मध्ये निदान दोन हात लॅकर किंवा विनाइलची पातळ फिल्म द्या.

स्टेनलेसच्या स्क्रूची गोष्ट जरा उलगडून सांगायला हवी, कारण त्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम मिठाच्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे खरं. पण लहान स्क्रू आणि मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा असेल तर नुकसान पसरतं आणि हळू होतं. उलट, मोठ्या स्टीलच्या किंवा पितळेच्या भागावर ॲल्युमिनियमचा छोटा वॉशर बसवला तर तो वॉशर बघता बघता संपतो. पुण्या-नाशकाच्या हवेत स्टेनलेस स्क्रू बिनधास्त वापरा. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी इथे राहणाऱ्यांनी एकतर जस्ताचा मुलामा असलेला ८.८ ताकदीच्या दर्जाचा स्टीलचा स्क्रू वापरावा, कारण जस्त आणि ॲल्युमिनियम विद्युतदृष्ट्या शेजारी आहेत, किंवा स्टेनलेसच्या आट्यांना लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. तांब्याची भुकटी असलेली अँटी-सीझ पेस्ट इथे चुकूनही नको. ती तर रोगच आत भरून ठेवते.

सराव संपल्यावरचं काम तीन मिनिटांचं आहे. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, मग दांड्यांवर तेलाचा हात लावून पुन्हा पुसून घ्यायचं, बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच ठेवून. नुसत्या तेलकट फडक्याने सुरुवात केली तर मीठ तेलाखाली तसंच राहतं. पेटी घरी गेल्यावर तासभर उघडी ठेवा आणि आत १०० ग्रॅम सिलिका जेलची पुडी टाका. निळी गुलाबी झाली, किंवा नव्या प्रकारात केशरी हिरवी झाली, की १२० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला चीकपीस आणि बटप्लेट पूर्ण बाहेर काढून भोकं पुसा. एरवी तीन महिन्यांनी चालेल.

साफ करायला धुण्याचा सोडा, ब्लीच, फरशीचं ॲसिड, चिंच-मीठ, यातलं काहीही नको. पितळेची समई चिंचेने उजळते म्हणून ॲल्युमिनियम उजळेल असं नाही. भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात.

ॲनोडायझिंगला देताना

घरी बॅटरीचं ॲसिड आणि चार्जर घेऊन ॲनोडायझिंग करता येतं असं दाखवणारे बरेच आहेत. सल्फ्युरिक ॲसिड, बाहेर पडणारा हायड्रोजन आणि नंतर ओतायला जागा नसलेलं द्रावण, एवढा पसारा चार तुकड्यांसाठी मांडण्यात अर्थ नाही. भोसरी, सातपूर, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत जॉबवर करून मिळतं. आपलं काम म्हणजे नीट सांगणं.

दिसायच्या आणि हाताळायच्या भागांना साधं सल्फ्युरिक ॲनोडायझिंग, १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काळा रंग, गरम पाण्यात सीलिंग, म्हणजे थराची छिद्रं बंद करणं. सरकणाऱ्या दांड्यांना हार्ड ॲनोडायझिंग, २५ ते ३० मायक्रॉन, सीलिंग नको. सील केल्याने गंज कमी होतो पण झिजेला थर मऊ पडतो. हार्डचा नैसर्गिक रंग करडा ते तपकिरी येतो, तो दोष नव्हे.

मापं आधीच सोडा. हार्ड थराचा साधारण अर्धा भाग धातूच्या आत वाढतो आणि अर्धा बाहेर. ३० मायक्रॉनच्या थराने दांड्याचा व्यास ०.०३ मिमी वाढतो. रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मारलेलं १२ मिमीचं भोक १२.०० ते १२.०१८ असतं, म्हणून दांडा ११.९५ ला वळवा, तो ११.९८ होऊन परत येईल आणि हाताने सरकेल. आट्यांचं गणित याहून कडू: ६० अंशांच्या आट्यात पिच व्यास (आट्याच्या उंचीच्या मधला, जुळणी ठरवणारा व्यास) बाहेरच्या वाढीच्या चौपट बदलतो. १५ मायक्रॉन बाहेर वाढले तर ६० मायक्रॉन. एम५ चा स्क्रू हातात येऊन रडतो. आट्याच्या भोकांना रबरी बुच लावायला सांगा आणि तसं चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं बाथपाशी पोहोचत नाही.

देण्याआधी हेलिकॉइल, स्टीलच्या पिना, बेअरिंग, सगळं काढा. बाथमध्ये स्टील विरघळतं आणि शेजारचं ॲल्युमिनियमही जाळतं. आंधळी, खोल भोकं असतील तर त्यात ॲसिड अडकून राहतं आणि महिन्याभराने स्क्रूभोवती पांढरा ओघळ येतो. शक्य तिथे भोक आरपार काढा. धारांना गोलावा द्या, कारण टोकदार धारेवर थर दोन्ही बाजूंनी सरळ वर वाढतो, मध्ये फट राहते आणि तिथूनच टवका उडतो. २५ मायक्रॉनच्या थराला ०.८ मिमीची त्रिज्या बरी. भाग बाथमध्ये टांगायची तार कुठे बांधायची तेही दाखवा. जिथे तार टेकते तिथे उघडा ठिपका राहतोच, तो आतल्या बाजूला असावा. आणि वेगवेगळ्या बारमधून केलेले भाग एकाच काळ्या रंगाचे येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

परत आल्यावर हार्ड दांडा १२०० नंबरच्या पेपरने तेलात दहा-बारा हात घासा. थर जात नाही, फक्त त्याची खरखर जाते. एकदा ॲनोडाइज केलेला भाग कॉस्टिकमध्ये सोलून पुन्हा करून मिळतो खरा, पण प्रत्येक वेळी धातू जातो. सरकणाऱ्या दांड्याला दुसरी संधी नसते.

पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवणं) पाम रायझरला किंवा तोलासाठी लावलेल्या वजनांना चालतं. भट्टी १८० ते २०० अंशांची असते. ६०८२ ला तेवढ्या वेळात फारसं काही होत नाही, पण ७०७५ चं एजिंगच (कडक करणारी शेवटची उष्णता-प्रक्रिया) १२० अंशांच्या आसपास झालेलं असतं, त्यामुळे तो मऊ पडतो. साधा रंग द्यायचा तर आधी वॉश प्रायमर (धातूला रंग धरून ठेवणारा पातळ पहिला हात) हवा, नाहीतर महिन्याभरात पापुद्रे निघतात.

एक माणूस हमखास विचारतो की भाग चाललेच आहेत भट्टीत, तर सिलिंडरही त्याच रंगात करून घेऊ का. नाही. मॅच रायफलीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण २०० बार दाब सोसतो, त्याची ताकद नेमक्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. भट्टी, ॲसिडचा बाथ, पॉलिश पेपर, खुणेसाठी मारलेला पंच, यातलं काहीही त्याला लागता कामा नये. त्याच्यावर कोरलेली तारीख वाचा, उत्पादकांनी साधारणपणे दहा वर्षांची मुदत घातलेली असते. मुदत संपलेली असेल तर बाहेरून तो कितीही नवा दिसत असला तरी हवा सोडून बाजूला ठेवा.